आडनावाखालचं पहिलं नाव

आमच्या घरात फोन वाजला की तो आमच्यासाठी नसतो, हे मला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळलं. मी हौसेनं रिसीव्हर उचलला. पलीकडच्या बाईनं मी कोण, कुठली, काही न विचारता डाव्या डोळ्यासमोर काळे ठिपके नाचतात म्हणून सांगायला सुरुवात केली. मी सासरी नवी. म्हटलं, असेल कुणी नात्यातली. सगळं मन लावून ऐकलं आणि सांगितलं, "मावशी, थंड पाण्यानं डोळे धुवा." मागून हसण्याचा आवाज आला. मोठ्या नणंदबाई दारात उभ्या होत्या, हात कोपरापर्यंत ओले. त्यांनी दोन बोटांत रिसीव्हर धरून माझ्याकडून घेतला. "बाई, डॉक्टरांचा नंबर देते, लिहून घ्या. दुपारी दोन ते तीनमध्ये लावा. आधी लावलात तर त्यांचा सहायक उचलतो, आणि तो जरा चिडका आहे."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "ताई, कोण होत्या?"

"मला काय माहीत?"

"मग डॉक्टर कोण?"

"आपल्याच आडनावाचे. आपले कोणी नाहीत." एवढं बोलून त्या पुन्हा काच घासायच्या चाकावर जाऊन बसल्या.

आमचं आडनाव फार दुर्मीळही नाही आणि ढिगानं सापडणारंही नाही. पण त्या शहरात त्या आडनावानं चांगलंच नाव काढलं होतं. एक डोळ्यांचे सर्जन, ज्यांच्याकडे परदेशातून लोक येत. एक गायिका, ज्यांचा आवाज रेडिओवर लागला की रस्त्यातली माणसं दुकानाशी थबकत. एक फुटबॉलचे कोच, ज्यांच्या संघानं तीन वेळा चषक आणला होता. एक न्यायाधीश. आणि एक प्राध्यापक, ज्यांनी म्हणे एक नवा तारा शोधून काढला होता. या पाचांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं, आणि आमचं पाचांतल्या एकाशीही नव्हतं. आम्ही चष्म्याच्या काचा घासणारे. शहरातली चष्म्याची दुकानं आमच्याकडे फ्रेम आणि काच पाठवत, आम्ही काच फ्रेमच्या मापानं कापून, कड घासून, बसवून परत देत असू. पुढच्या खोलीत काम, मागे संसार.

आता या बड्या मंडळींचे फोन आमच्याकडे का? तर माझ्या सासऱ्यांचं नाव 'अ'वरून, आणि फोन त्यांच्या नावावर. टेलिफोन डिरेक्टरीत आमच्या आडनावाखाली पहिलं नाव त्यांचं. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण डिरेक्टरीत ते अजून सगळ्यांच्या पुढे उभे होते. माणसं अशी असतात की आडनावावर बोट ठेवतात आणि बोट जिथं पडलं तो नंबर फिरवतात. खाली आणखी चौदा नावं आहेत हे बघायला कुणाला सवड आहे? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी आमची गत.

दुसऱ्या कुणी दोन शिव्या हासडून रिसीव्हर आपटला असता. आमचे हे तसंच करायचे. पण ताईंनी कधी केलं नाही. आधी त्यांनी पाचही जणांचे नंबर मिळवले. मग कोणाला कधी फोन करावा हे शोधून काढलं. गायिकाबाई बाराच्या आत बोलत नाहीत. कोच दुपारपासून मैदानावर असतात, तिथल्या क्लबात फोन करायचा. प्राध्यापकांना दुपारी करू नये, ते झोपतात, कारण त्यांचं काम अंधारात. आणि न्यायाधीशांना कधीच करू नये. त्यांच्यासाठी फोन करणाऱ्याला ताई सरळ म्हणायच्या, "अहो, वकील करा. न्यायाधीशांना फोन करून निकाल लागत असते तर आम्ही काचा कशाला घासल्या असत्या?"

बारा वर्षं त्यांनी हे केलं. माझ्या लग्नाआधी सहा, नंतर सहा. या कानाचं त्या कानाला कळू न देता. या पाचांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं की आपल्याकडे येणारी निम्मी माणसं एका बाईच्या ओल्या हातांतून येतात.

ताई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "दोनदा योग आला होता. पण एकाला मी काचा घासलेल्या चालणार नव्हत्या आणि दुसऱ्याला माझ्याशिवाय सगळं चालणार होतं." चाकाशी बसल्या की त्या दिवसभर तिथंच. डाव्या हातात काच, उजव्या हाताचं बोट कडेवर, वरून पाण्याची बारीक धार, आणि चाकाचा एकसुरी खर्र आवाज. काच तासून झाली की बोट कडेवरून फिरवायचं. बोटाला टोचलं तर चष्मा घालणाऱ्यालाही टोचेल, एवढा साधा हिशोब. मग फ्रेम गरम वाळूच्या डब्यात तापवायची, जरा मऊ झाली की काच आत दाबायची. टच्च असा आवाज आला की ताईंचा चेहरा खुलायचा. त्या आवाजासाठीच त्या हे काम करतात असं मला वाटायचं. आणि फोनसाठी.

आमच्या टेलिफोनवर कायम पांढरी भुकटी असायची, काचेची. मी पुसून पुसून थकले. पण माझा खरा राग होता त्या वहीवर. ताईंची नंबरांची वही म्हणजे ओल्या बोटांनी फुगलेला, कडेला कुरतडलेला कागदाचा गठ्ठा. आणि आत नावं नव्हती, चित्रं! सगळ्यांचं आडनाव एकच, मग लिहायचं काय, म्हणून ताईंनी डॉक्टरांसाठी डोळा काढला होता, गायिकाबाईंसाठी उघडं तोंड, कोचसाठी चेंडू. चाकावरून उठून एका नजरेत दिसावं म्हणून. ते उघडं तोंड तर एखाद्या माशासारखं दिसायचं. माझं अक्षर शाळेपासून मोत्यासारखं, सगळे वाखाणायचे. मला ते बघवेना. एका रविवारी मी नवी जाड पुठ्ठ्याची वही आणली, पट्टीनं रेघा मारल्या, पाचांची पूर्ण नावं, नंबर, पत्ते, वेळा, सगळं रांगेत लिहिलं. आणि जुनी वही ताईंना न विचारता पोटमाळ्यावर टाकली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल कुठं बसला ते पुढं कळेलच.

ताईंना नव्या वहीची गरजच नव्हती. नंबर त्यांना तोंडपाठ होते. त्यांनी ती कौतुकानं पाहिली, "छान हं, लग्नपत्रिकाच जणू," म्हणाल्या आणि बाजूला ठेवली.

पुढच्याच सोमवारी ताईंना ताप भरला. बारा वर्षांत त्या एक दिवस झोपल्या नव्हत्या, आणि झोपल्या त्या चांगल्या दोन दिवस. चाकावर हे बसले. फोनजवळ मी. खरं सांगू? मला आतून आनंद झाला. वही पुढ्यात उघडून, पेन हातात धरून मी राणीसारखी बसले होते. दोन दिवसांत पाच फोन आले, पाचही डॉक्टरांसाठी. मी पाचही जणांना नंबर दिला, आणि ताईंच्यापेक्षा चांगलं काम करायचं म्हणून पत्ताही दिला.

पाचवा फोन मंगळवारी दुपारी आला. लांबच्या एका छोट्या गावातून, पोस्टातून. माणूस बस चालवणारा होता, हे त्यानं पहिल्याच वाक्यात सांगितलं, जणू ओळखपत्र दाखवावं तसं. "बाई, मी बसचा ड्रायव्हर आहे. मुलगी सात वर्षांची आहे. काल सायकलच्या चाकाची तार तुटून तिच्या डोळ्यात गेली. इथल्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि म्हणाले, हे आमच्या हातचं नाही. या आडनावाचे एकच डॉक्टर हे करतील, पण ते गुरुवारी पहाटे दोन महिन्यांसाठी परदेशी चाललेत. बुधवारी गाठा, नाहीतर डोळा गेला समजा."

मी म्हटलं, "फोन कशाला करत बसता? सरळ घरी जा. दुपारी दोन ते तीन भेटतात." आणि वहीतला पत्ता सावकाश, दोनदा सांगितला. तो म्हणाला, "तुमचे उपकार होतील, बाई." मला इतकं बरं वाटलं की मी ताईंना पेज देताना सगळी हकिगत सांगितली. त्या ग्लानीतच "बरं केलंस" म्हणाल्या.

बुधवारी दुपारी पाऊण वाजता ताई उठल्या. ताप उतरला होता. तोंड धुऊन, पाय ओढत पुढच्या खोलीत आल्या, खुर्चीत बसल्या आणि सहज नवी वही उघडली. मी चहा ठेवत होते. आतून त्यांचं हसणं ऐकू आलं, मग ते मध्येच थांबलं.

"अगं, इकडे ये. हा नंबर डोळ्याच्या डॉक्टरांचा नाही."

"म्हणजे?"

"हा गायिकाबाईंचा. पत्तापण त्यांचाच. तू दोघांच्या ओळींची अदलाबदल केलीस."

मी वही हिसकावून पाहिली. मोत्यासारख्या अक्षरात, पट्टीनं मारलेल्या रेघांवर, डॉक्टरांसमोर गायिकाबाईंचं घर होतं आणि गायिकाबाईंसमोर डॉक्टरांचं. डोळा आणि तोंड यांच्यात ताईंची गफलत सात जन्मांत झाली नसती. मी मात्र चित्रं टाकून नावं लिहिली होती.

"कुणाकुणाला दिलास?" ताईंनी विचारलं. आवाज शांत होता. मी बोटांवर पाच जण मोजले.

चौघं शहरातलेच होते. त्यांच्याकडे फोन होता, चूक त्यांना कळली असणार आणि त्यांनी दुसरा मार्ग काढला असणार. पण बस ड्रायव्हर फोन करणार नव्हता. मीच त्याला करू नका म्हटलं होतं. तो आत्ता कुठंतरी बसमधून उतरत असेल, आणि मुलीला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवरच्या वसाहतीत चालला असेल. तिथून डॉक्टरांचं हॉस्पिटल बसनं दीड तास. मला रडू फुटलं. अगदी लहान पोरीसारखं, पदर तोंडात कोंबून.

ताई रागावल्या नाहीत. मला वाटतं त्यांना तेवढा वेळच नव्हता. त्यांनी गायिकाबाईंचा नंबर फिरवला. वाजत राहिला. दहा मिनिटांनी पुन्हा, मग पुन्हा. दीड वाजून गेला. "बुधवार," त्या पुटपुटल्या. "एकपासून चारपर्यंत बाई शिकवतात. वर्ग खाली, फोन वर. घर पडलं तरी उचलायच्या नाहीत." मग हॉस्पिटलला फोन. चिडक्या सहायकानं सांगितलं की साहेबांचं शेवटचं ऑपरेशन चार वाजता, त्यानंतर ते कुणालाही बघणार नाहीत, पहाटे विमान आहे. ताई म्हणाल्या, "चारच्या आत एक मुलगी येतेय. डोळ्यात तार गेलेली." तो म्हणाला, "आली तर बघू," आणि ठेवून दिला.

हे चाकावरून उठून आले. "ताई, मी जाऊन घेऊन येतो."

"तू जाणार दीड तास, येणार दीड तास. बस तिथंच." ताईंनी डोळे मिटले, भुवया दाबल्या. मग रिसीव्हर उचलून मैदानावरच्या क्लबाचा नंबर फिरवला. बारा वर्षांत तो त्यांनी शेकडो लोकांना दिला होता, स्वतः कधीच लावला नव्हता.

"कोच आहेत का? ... नमस्कार. मी बोलतेय. माझं आडनाव तुमचंच आहे." मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण ताईंच्या कानामागे घाम आलेला दिसत होता. "नाही, नातं नाही. मी चष्म्याच्या काचा घासते. तुम्ही मला ओळखत नाही. पण तुमच्या संघात खेळायला येणाऱ्या निम्म्या मुलांनी आधी मला फोन केलेला आहे. गोलकीपरलासुद्धा मीच धाडलं. त्यानं मला विचारलं होतं, बुटकी मुलं घेतात का. मी म्हटलं, जाऊन तर बघ." पलीकडून मोठ्यानं हसल्याचा आवाज मलाही ऐकू आला. "बारा वर्षांत काही मागितलं नाही. आज एक काम आहे. तुमच्या मैदानापासून टेकडी दहा मिनिटांवर आहे ना?"

सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि ऐका, मुलीला काही खाऊ-पिऊ घालू नका. पाणीसुद्धा नको. भूल द्यावी लागेल."

तिकडे काय घडलं ते कोचनी आम्हाला संध्याकाळी सांगितलं. सराव तसाच टाकून ते संघाची गाडी घेऊन निघाले, मागे चिखलानं माखलेले चार खेळाडू तसेच बसलेले. गायिकाबाईंच्या घराच्या पायरीवर एक माणूस मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. दार उघडंच होतं, आतून गाण्याचा आवाज येत होता. तो पाऊण तास तसाच बसला होता. त्याला वाटलं, डॉक्टरांच्या बायको गाताहेत. मोठ्या माणसांच्या घरी गाणं मध्येच कसं तोडायचं? डॉक्टर येतील तेव्हा येतील. मुलगी रडत होती ते मात्र आत ऐकू गेलं आणि गायिकाबाई स्वतः बाहेर आल्या. लहान मूल रडतंय म्हटल्यावर त्यांनी बिस्किटांची बशी मागवली. बशी मुलीच्या हातात पडणार तेवढ्यात अर्ध्या चड्डीतला, गळ्यात शिट्टी अडकवलेला एक धिप्पाड माणूस फाटकातून ओरडत आत शिरला, "थांबा! बिस्किट नाही!" ड्रायव्हर घाबरून उभा राहिला. गायिकाबाईंनी बशी छातीशी धरली. "तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं. कोचनी आडनाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते तर माझं आहे."

शेवटी असं झालं की मुलगी शिट्टीवाल्या माणसाबरोबर जायला तयार होईना आणि गायिकाबाईंचा पदर सोडेना. म्हणून वर्ग तसाच सोडून त्याही गाडीत बसल्या. पुढं त्या, मुलगी आणि ड्रायव्हर. मागं चिखलाचे चार खेळाडू.

इकडे ताई आणि मी टॅक्सीनं हॉस्पिटलला पोचलो. ताईंच्या पायात घरातल्या सपाता, अंगावर दोन दिवसांच्या तापानं चुरगळलेली साडी. काउंटरवरच्या मुलीनं वरही न बघता विचारलं, "नाव?" ताईंनी नाव सांगितलं, मग आडनाव. मुलगी ताडकन उभी राहिली. "सरांच्या नात्यातल्या का? बसा ना. मी आत सांगते."

मी ताईंना कोपरानं ढोसलं. हो म्हणा, एक अक्षर तर आहे. माझ्या चुकीनं एका पोरीचा डोळा जायची वेळ आली होती, आणि दार आपणहून उघडत होतं. खोटं बोलायला यापेक्षा चांगली वेळ माझ्या आयुष्यात आली नव्हती.

ताई म्हणाल्या, "नाही. आडनाव एक आहे, एवढंच."

मुलगी खाली बसली. "मग थांबा. पेशंट कुठंय?"

"येतोय."

"पेशंट नाही, अपॉइंटमेंट नाही, नात्यातल्या नाही..." तिनं पुढचं बोलणं गिळलं. मी ताईंना बाजूला ओढलं आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. "काय बिघडलं असतं हो म्हणायला? हरिश्चंद्र व्हायची हीच वेळ होती का?"

"अगं," त्या बाकावर टेकत म्हणाल्या, "बारा वर्षं लोक मला विचारतात, तुम्ही त्यांच्या कोण? पहिल्या वर्षी एकदा मी हो म्हटलं होतं. गंमत म्हणून. गायिकाबाईंची बहीण म्हटलं. त्या माणसानं मला अर्धा तास त्याच्या मेलेल्या आईबद्दल सांगितलं, तिला बाईंचं गाणं किती आवडायचं ते. बहिणीला सांगायचं ते सगळं त्यानं मला सांगितलं. मी रिसीव्हर ठेवला आणि जेवले नाही त्या दिवशी. तेव्हापासून नाही." मग म्हणाल्या, "आज हो म्हणावंसं वाटलं. वाटलं नाही असं नाही."

मी त्यांच्याशेजारी बाकावर टेकले. राग गेला नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन, मग तीन पस्तीस. ताईंचा अंगठा सारखा तर्जनीवरून फिरत होता, काचेची कड तपासावी तसा. तीन चाळीस. काउंटरवरच्या मुलीनंही आता घड्याळाकडे बघायला सुरुवात केली होती.

पावणेचारला काचेचं दार ढकलून सगळी वरात आत आली. पुढं कोच, मुलीला खांद्यावर घेऊन. मागं गायिकाबाई, त्यांचा पदर अजून मुलीच्या मुठीत, त्यांच्या मागं ड्रायव्हर हातात पिशवी घेऊन, आणि चार चिखलाचे पुतळे. काउंटरवरची मुलगी पुन्हा उभी राहिली. तिनं गायिकाबाईंना ओळखलं, कोचना ओळखलं, आणि नाव लिहायला घेतलं तर दोघांनी तेच आडनाव सांगितलं. ती ताईंकडे बघत राहिली. मग पेन टाकून धावत आत गेली. दोन मिनिटांत स्ट्रेचर आलं. मुलीनं गायिकाबाईंचा पदर सोडला तो त्या आतल्या दारापर्यंत हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत गेल्या म्हणून.

मग वाट बघणं. ड्रायव्हरला मी सांगितलं की पत्ता चुकीचा देणारी मी. मला वाटलं तो चिडेल, निदान मान फिरवेल. तो म्हणाला, "बाई, मी स्टॉप चुकवला की लोक मला शिव्या घालतात. पण पुढच्या स्टॉपला उतरवलं की जातात घरी." माझा जीव भांड्यात पडला नाही, पण भांड्याच्या जवळ आला. खेळाडू पायरीवर बसून चिखल सोलत होते. कोच आणि गायिकाबाई एकमेकांना सांगत होते की त्यांना एकमेकांचे किती फोन येतात. "मला विचारतात, बाई, ऑफसाइड म्हणजे काय?" "आणि मला म्हणतात, सर, आवाज बसलाय, काय करू?" ताई ऐकत होत्या, खाली बघून हसत होत्या. आपलं नाव त्यांनी मध्ये आणलं नाही.

साडेसहाला दार उघडलं. नर्सनं कागदावर बघून आमचं आडनाव पुकारलं. गायिकाबाई उठल्या, कारण आयुष्यभर ते पुकारलं की उठायची त्यांना सवय. कोच उठले. मीही उठले, आडनाव माझंही होतंच की. ताई बसून राहिल्या. नर्स आमच्याकडे बघून गोंधळली, कागद पुन्हा वाचला. "साहेबांनी त्या... नात्यात नसलेल्या बाईंना बोलावलंय."

आम्ही तिघं खाली बसलो. गायिकाबाईंनी ताईंच्या पाठीला हात लावून त्यांना उठवलं. "जा हो, तुम्हालाच."

पण डॉक्टरच बाहेर आले. तोंडावरचा मास्क गळ्यात लोंबत होता, कपाळावर टोपीचा वळ. ते आधी ड्रायव्हरकडे गेले. "डोळा राहिला. नजर किती येते ते पट्टी काढल्यावर कळेल, पण येईल. आणखी उशीर झाला असता तर नसतं सांगता आलं." ड्रायव्हर भिंतीला टेकला आणि हमसून रडला, कोचनी त्याला धरलं. मीही रडले, आता पदर न कोंबता.

मग डॉक्टर ताईंकडे वळले. "माझं आडनाव सांगून नातं नाही म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. लोक उलट करतात." ताईंनी हात जोडले. त्यांच्या बोटांवरचे काचेचे ओरखडे बघत ते म्हणाले, "चष्म्याच्या काचांचं काम तुमच्याकडेच ना? महिन्यातून दोन-चार फोन येतात मला. काच तयार झाली का, फ्रेम कधी देणार. दुकानवाले असतात."

"तुम्ही काय सांगता?" ताईंनी विचारलं.

डॉक्टरांनी गळ्यातला मास्क ओढून काढला. त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले, खोटं कशाला सांगू. "रॉंग नंबर म्हणतो आणि ठेवून देतो." मग त्यांनी खिशातून पेन काढलं. "आजपासून नाही ठेवणार. तुमचा नंबर सांगा."

ताईंनी तोंड उघडलं. आणि तसंच राहिलं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. बारा वर्षं लोकांचे नंबर, वेळा, सवयी तोंडावर असलेल्या बाईला स्वतःचा नंबर येईना. येणार कुठून? स्वतःचा नंबर माणूस स्वतः कधी लावत नाही, आणि त्यांना तो आजवर कुणी विचारलाच नव्हता. मला तरी कुठं येत होता? घरच्यांना मी दुसऱ्या खोलीतून हाक मारायचे, फोन कशाला लावणार?

"थांबा," ड्रायव्हर म्हणाला. डोळे पुसत त्यानं सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. पोस्टातल्या डिरेक्टरीतून त्यानं उतरून घेतलेला. त्यानं तो दिव्याखाली धरून एक एक आकडा मोठ्यानं वाचला, आणि डॉक्टरांनी लिहून घेतला. गायिकाबाईंनीही पर्समधून पेन्सिल काढली. कोचना कागद सापडेना, त्यांनी तळहातावर लिहिला.

ताई प्रत्येक आकड्याला ओठ हलवत होत्या. पाठ करत होत्या.

"नाव काय लिहू?" डॉक्टरांनी विचारलं.

ताईंनी आपलं नाव सांगितलं, साधं, पहिलं नाव. मग म्हणाल्या, "आडनाव तुम्हाला येतंच."